पाच यार्डांचा कायदा

१९७७ च्या जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात अब्रूनुकसानीचा एक खटला चालला. फिर्यादी होता जॉर्ज ॲटकिन्सन, ओकलंड रेडर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा बचावपटू. प्रतिवादी होते चक नोल, पिट्सबर्ग स्टीलर्सचे प्रशिक्षक. मागितलेली भरपाई होती वीस लाख डॉलर्स.

भांडणाचं मूळ आदल्या वर्षीच्या १२ सप्टेंबरच्या सामन्यात होतं. चेंडू मैदानाच्या एका बाजूला पिट्सबर्गच्याच फ्रँको हॅरिसच्या हातात होता. दुसरीकडे, चेंडूपासून कितीतरी लांब, पिट्सबर्गचा लिन स्वान धावत होता. ॲटकिन्सनने मागून येऊन त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला हाताचा असा तडाखा हाणला की स्वान जागच्या जागी आडवा झाला. मेंदूला मार बसला होता. पंचांनी दंडाचा साधा रुमालही टाकला नाही. याच ॲटकिन्सनने आठ महिन्यांपूर्वी याच स्वानला इस्पितळात पाठवलं होतं, त्यामुळे नोल यांचा तोल सुटला. या खेळात काही गुन्हेगारी प्रवृत्तीची मंडळी शिरली आहेत आणि त्यांना हाकललं पाहिजे, असं ते पत्रकारांसमोर बोलून गेले. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे (एनएफएल) आयुक्त पीट रोझेल यांनी दोघांनाही दंड केला: ॲटकिन्सनला १,५०० डॉलर्स तडाख्याबद्दल, नोल यांना १,००० डॉलर्स तोंड सोडल्याबद्दल. तडाखा आणि शब्द यांच्या किमतीत फरक अवघा पाचशेचा!

न्यायालयात खरी गंमत झाली ती उलटतपासणीत. तुमच्या संघात असे कोणी नाहीत का, असं ॲटकिन्सनच्या बाजूने विचारण्यात आलं. सामन्यांच्या फिती दाखवण्यात आल्या. शपथेवर असलेल्या नोल यांना आपल्याही काही खेळाडूंची नावं त्याच यादीत घालावी लागली. त्यातलं एक नाव होतं मेल ब्लाउंट. ज्युरीने निकाल नोल यांच्या बाजूने दिला, पण घरचा आहेर व्हायचा तो झालाच. ब्लाउंटने स्वतःच्याच प्रशिक्षकावर पन्नास लाख डॉलर्सचा दावा ठोकला. पुढे तो त्याने मागे घेतला आणि दोघं मिळून आणखी दोन अजिंक्यपदं जिंकले, हा भाग वेगळा.

खटला संपून वर्ष होण्याआधीच लीगने एक नियम बदलला. नियमपुस्तिकेत त्याला कुणाचं नाव नाही. पण गेली जवळपास पन्नास वर्षं सगळे त्याला 'मेल ब्लाउंट नियम' म्हणूनच ओळखतात.

अमेरिकी फुटबॉलमध्ये बहुतेक चाली क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतात. तो चेंडू कुणाला तरी देतो किंवा लांब फेकतो. फेकलेला चेंडू झेलायला रिसीव्हर पुढे पळतात आणि त्यांना अडवायला बचावाच्या शेवटच्या रांगेत साधारणपणे चौघं असतात. दोन बाजूंना दोन कॉर्नरबॅक. मागे मध्याकडे दोन सेफ्टी, त्यांतला 'स्ट्राँग' सेफ्टी अंगाने दणकट आणि पुढे येऊन धावणाऱ्यालाही लोळवणारा, तर 'फ्री' सेफ्टी सर्वांत मागे, सगळ्या मैदानावर डोळा ठेवून. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक आठवा: चढाईपटूच्या पायावर नजर, सूर मारायची घाई केली तर गुण गेला, उशीर केला तरी गेला. कॉर्नरबॅकचं दुखणं त्याहून मोठं, कारण समोरचा कुठे वळणार हे समोरच्याला माहीत असतं, याला नसतं. आणि याला बहुतेक वेळा उलटं पळत पळत ते ओळखायचं असतं. चूक झाली तर मागे बहुधा कोणी नाही. साठ-सत्तर हजार लोक ती चूक एकाच वेळी पाहतात.

ही जागा खेळाच्या जन्मापासून नव्हती. मुळात चेंडू पुढे फेकायलाच बंदी होती. १९०५ च्या हंगामात माणसं दगावली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांचे कान उपटले आणि १९०६ पासून पुढे फेकायला परवानगी मिळाली. त्यानंतरही कितीतरी वर्षं फेक हा तातडीचा उपाय होता, रोजचा मार्ग नव्हता. तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. मनसोक्त बदली खेळाडू घ्यायची मुभा १९५० मध्ये कायमची मिळाली, तेव्हा कुठे 'मी फक्त बचाव करतो' असं म्हणणारा व्यावसायिक तयार झाला.

त्याच १९५० साली १ ऑक्टोबरला क्लीव्हलंडमध्ये जे घडलं ते या मंडळींच्या इतिहासातलं पहिलं पान म्हणायला हरकत नाही. पॉल ब्राउन यांचा क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ दुसऱ्या एका लीगची ओळीने चार अजिंक्यपदं खिशात घालून एनएफएलमध्ये आला होता. पहिल्याच सामन्यात त्यांनी गतविजेत्या फिलाडेल्फियाला ३५-१० असं धुतलं. त्यांचे क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम यांच्या फेकीला उत्तर कुणाकडेच नव्हतं. न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी मात्र फळ्यावर नवीन आकृती काढली: पुढे सहा, मध्ये एक, मागे चार. सहांतले टोकाचे दोघं दरवेळी पुढे न घुसता कधी कधी मागे सरकायचे. मग वरून पाहिलं तर तो उघडलेल्या छत्रीसारखा आकार दिसे. ओवेन आकृती काढून मोकळे झाले आणि बाकीच्यांना ती समजावायचं काम खडूसकट एका तरुण बचावपटूकडे आलं, अशी आठवण त्याच बचावपटूने पुढे सांगितली. त्याचं नाव टॉम लँड्री. नंतर २९ वर्षं डॅलस काउबॉईजचं प्रशिक्षकपद भूषवणारे ते हेच लँड्री.

पहिल्या अर्ध्या खेळात ग्रॅहम यांची एकही फेक आपल्या माणसाच्या हातात पडली नाही. जायंट्स ६-० ने जिंकले. ब्राउन्सच्या पाटीवर शून्य लागण्याची ती पहिली वेळ. त्या वर्षीचं अजिंक्यपद अखेर ब्राउन्सनीच नेलं, पण मागची चौकट मात्र त्या दिवसापासून पक्की झाली.

त्या छत्रीच्या सर्वांत मागे उभा होता एमलेन टनेल. १९४८ मध्ये तो केळ्यांच्या ट्रकमधून न्यूयॉर्कला आला, सरळ जायंट्सच्या कचेरीत शिरला आणि मला घ्या म्हणाला. त्या संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९५२ मध्ये पकडलेल्या आणि लाथेने उडवून दिलेल्या चेंडूंवर धावून त्याने ९२३ यार्ड मिळवले. चेंडू घेऊन पळणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यातला त्या वर्षीचा अव्वल ८९४ वर थांबला होता. बचावपटू म्हणजे नुसता अडवणारा, ही समजूत टनेलने एकट्याने मोडली.

आणि त्याच १९५२ साली लॉस एंजेलिसमध्ये डिक लेन अवतरला. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, तान्हेपणीच टाकून दिलेला पोर. एला लेन नावाच्या बाईने त्याला उचलून वाढवलं. सैन्यातून सुटल्यावर तो विमानाच्या कारखान्यात तेल गळणारे धातूचे पत्रे उचलायचं काम करत होता. कामावर जाण्याच्या वाटेवर रॅम्स संघाची कचेरी लागे. एके दिवशी कात्रणांची वही घेऊन तो आत गेला. त्याला व्हायचं होतं रिसीव्हर, पण रॅम्सकडे टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श असे दोन मातब्बर आधीच होते. प्रशिक्षक जो स्टायडाहार यांनी त्याला पलीकडच्या बाजूला उभं केलं. फिअर्सच्या खोलीत सतत वाजणाऱ्या एका तबकडीवरून त्याला 'नाइट ट्रेन' हे नाव चिकटलं. बारा सामन्यांच्या पहिल्याच हंगामात या माणसाने प्रतिस्पर्ध्यांच्या १४ फेकी पळवल्या.

लेन चेंडू पळवी ते अंदाजाने. माणूस पाडी तो मानेवरून. हात आडवा घालून गळ्यापाशी पकडायचं आणि आपटायचं, ही त्याची खासियत. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला 'नेकटाय' असं नाव दिलं होतं. शिरस्त्राणाच्या जाळीला धरून ओढायला १९५६ मध्ये अर्धी आणि १९६२ मध्ये पूर्ण बंदी आली. गळ्याला हात घालणंही पुढे बाद झालं. इथून या मंडळींचा आणि नियमपुस्तिकेचा जो लपंडाव सुरू झाला, तो अजून संपलेला नाही. चेंडू टाकणाऱ्यांना आवर घालणारे नियम शोधावे लागतात. अडवणाऱ्यांना आवर घालणारे नियम मोजावे लागतात.

१९७० च्या दशकात पारडं पूर्णपणे अडवणाऱ्यांकडे झुकलं. तेव्हाचा नियम सोपा होता: चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटेपर्यंत रिसीव्हरला ढकलता येई, दाबता येई, पळता पळता पुन्हा धक्का देता येई. ओकलंडचा विली ब्राउन अगदी नाकासमोर उभा राही, पहिल्या पावलालाच छातीवर दोन्ही हात मारी आणि मग सावलीसारखा मागे लागे. १९७४ मध्ये या धक्काबुक्कीवर थोडी मर्यादा आली, १९७७ मध्ये 'एकदाच धक्का' असं ठरलं. पण ब्लाउंटसारख्याला एकदाच पुरे होता.

मेल ब्लाउंट जॉर्जियातल्या व्हिडेलियाचा. शेतकऱ्याच्या अकरा मुलांतलं शेंडेफळ. उंची सहा फूट तीन इंच, वजन दोनशे पौंडांच्या वर, आणि या आकाराचा माणूस पळू नये इतका तो पळे. तोवर कॉर्नरबॅक म्हणजे चपळ, हलका गडी अशी कल्पना होती. ब्लाउंट रेषेपाशी रिसीव्हरच्या खांद्याला हात लावून त्याला हवा तिकडे वळवी. बहुतेकदा सीमारेषेकडे, म्हणजे मैदानच आखूड व्हावं. क्वार्टरबॅकने मोजून ठेवलेली पावलं चुकत, आणि चेंडू ठरलेल्या जागी पोहोचे तेव्हा तिथे माणूसच नसे. बचावाची सूत्रं सांभाळणारे बड कार्सन यांनी त्याच्या मागे दोन सेफ्टींना मैदान अर्धं अर्धं वाटून दिलं. ब्लाउंटने पुढे माणूस अडवायचा आणि मागच्याने उरलेलं निस्तरायचं. १९७५ मध्ये त्याने ११ फेकी पळवल्या आणि वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९७६ मध्ये पिट्सबर्गने पहिल्या पाचांपैकी चार सामने गमावले, पुढचे नऊच्या नऊ जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना अवघे २८ गुण दिले. पाच सामन्यांत तर शून्य.

प्रशिक्षकांना हे आवडत होतं. प्रेक्षकांना आवडत असेलच असं नाही. १९७७ मध्ये एका संघाची सामन्यामागची सरासरी १७.२ गुणांवर घसरली; १९४२ नंतरचा तो नीचांक होता. त्याच सुमाराला रोझेल तिन्ही मोठ्या दूरचित्रवाणी कंपन्यांशी १९७८ पासूनच्या चार वर्षांचा करार करत होते, आणि हंगाम चौदावरून सोळा सामन्यांचा होणार होता. नियम सुचवणाऱ्या समितीचे प्रमुख होते डॅलसचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम, आणि सदस्यांत मायामीचे प्रशिक्षक डॉन शुला. शुला स्वतः एके काळचे कॉर्नरबॅक! आपल्या जुन्या जातभाईंचे हात त्यांनीच बांधले.

१९७८ च्या नियमात दोन कलमं महत्त्वाची. बचावपटूने रिसीव्हरला हात लावायचा तो सुरुवातीच्या रेषेपासून पाच यार्डांच्या आत. त्यापुढे लावला की दंड. आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या दांडग्यांना हात लांब करून, पंजे उघडून समोरच्याला थोपवायची मोकळीक. पहिल्या कलमाचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते दुसऱ्याने बचावाचं नुकसान तेवढंच केलं, कारण क्वार्टरबॅकला एक सेकंद जास्त मिळाला तर जगातला कुठलाही कॉर्नरबॅक उघडा पडतो.

हा नियम खेळाडूंच्या जिवासाठी केला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. त्याचा पुरावा नव्या हंगामाचे अधिकृत सामने सुरू होण्याआधीच मिळाला. १२ ऑगस्ट १९७८ ला ओकलंडमध्ये सरावाचा सामना चालू होता. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली मैदानाच्या मध्यातून धावत उंच आलेल्या चेंडूसाठी झेपावला. चेंडू हाती लागलाच नाही. समोरून ओकलंडचा फ्री सेफ्टी जॅक टेटम आला, आणि त्या धडकेत स्टिंगलीची मान मोडली. वय २६. उरलेलं सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. २००७ मध्ये तो वारला. त्या धडकेवर दंड झाला नाही, कारण ती नियमात बसत होती: जुन्याही आणि नव्याही. पाचव्या यार्डानंतर रिसीव्हरला बोट लावणं गुन्हा झाला होता, पण हवेत असलेल्या, स्वतःला सावरू न शकणाऱ्या माणसाला पूर्ण वेगाने धडकणं बरीच वर्षं तसंच चालू राहिलं. गुणसंख्येची काळजी आधी घेतली गेली, मानेची नंतर.

पिट्सबर्गचं नाक कापायला काढलेला नियम पिट्सबर्गलाच फळला, हा मात्र खरा विनोद. स्वान आणि जॉन स्टॉलवर्थ हे रिसीव्हर त्यांच्याकडेच होते, आता त्यांनाही कोणी धरू शकत नव्हतं. त्यांचा क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ याच्या टचडाउन (गुण मिळवून देणाऱ्या) फेकी एका वर्षात १७ वरून २८ वर गेल्या. २१ जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, त्याने चार टचडाउन फेकले, ३१८ यार्ड कमावले आणि पिट्सबर्गने डॅलसला ३५-३१ असं हरवलं. ज्या सामन्यात ब्लाउंटच्या नावाचा नियम असा बहरला, त्याच सामन्यात ब्लाउंटने डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकची एक फेक पळवली होती.

त्या १९७८ च्या संघात टोनी डंजी नावाचा एक सेफ्टी होता. मिनेसोटा विद्यापीठात तो नावाजलेला क्वार्टरबॅक. पण त्या काळात क्वार्टरबॅक म्हणजे बहुतेक गोरा आणि मागच्या चौघांत बहुतेक काळे, ही वाटणी न लिहिता पाळली जायची. डंजीला कुठल्याच संघाने नवख्यांच्या वार्षिक निवडीत घेतलं नाही. पिट्सबर्गने घेतलं ते बचावपटू करून. १९७७ मध्ये एका सामन्यात पिट्सबर्गचे दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले तेव्हा त्याला जुन्या कामावर परत जावं लागलं, आणि एकाच सामन्यात दुसऱ्याची फेक पळवणं व स्वतःची फेक गमावणं असा दुर्मीळ पराक्रम त्याच्या नावावर लागला. हाच डंजी पुढे कार्सन यांच्या दोन-सेफ्टी रचना घेऊन प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आला आणि सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला.

नियम बदलल्यावर हातांवर जगणाऱ्यांना पायांवर आणि डोक्यावर जगावं लागलं. ओकलंडच्या लेस्टर हेजने तिसरीच वाट काढली. तो हातांना, बाह्यांना चिकट मलम असं फासे की चेंडू नुसता लागला तरी चिकटावा. १९८० मध्ये त्याने १३ फेकी पळवल्या. १९८१ मध्ये लीगने मलमावर बंदी घातली. त्याच १९८१ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्श यांनी रॉनी लॉट, एरिक राइट आणि कार्लटन विल्यमसन असे तीन नवखे बचावपटू एकदम घेतले आणि तिघांनाही थेट मैदानात उतरवलं. चौथा ड्वाइट हिक्स तेवढा अनुभवी. शहाण्यांनी डोक्याला हात लावला. त्या हंगामाअखेर संघ सुपर बोल जिंकून आला.

तिकडे मायामीत शुला यांच्या हाताखाली डॅन मरीनो नावाच्या मुलाने १९८४ मध्ये ४८ टचडाउन आणि ५,०८४ यार्ड फेकले. सहा वर्षांपूर्वी समितीत बसून लावलेल्या झाडाचं फळ शुला यांच्याच अंगणात पडलं. मग बचावाने एक मोठा गडी कमी करून पाचवा पळणारा आणला, वेळप्रसंगी सहावा. पूर्वी हा पाचवा अडीअडचणीचा होता. आज अर्ध्याहून अधिक खेळ पाच जण मागे ठेवूनच होतो. २००४ च्या जानेवारीत न्यू इंग्लंडच्या टाय लॉने इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याच्या तीन फेकी पळवल्या. इंडियानापोलिसने ओरड केली की आमच्या माणसांना धरून ठेवलं होतं. लीगने पंचांना पाच यार्डांचा नियम काटेकोर पाळायला सांगितलं आणि मॅनिंगने पुढच्याच हंगामात ४९ टचडाउन फेकून मरीनोचा विक्रम मोडला. सव्वीस वर्षांनी तोच कायदा, तोच परिणाम.

ब्लाउंट नियमानंतर आणखी सहा हंगाम खेळला. धक्का मारून खेळणारा म्हणून ज्याला बांधलं, तो धक्क्याशिवायही तितकाच चांगला निघाला. चौदा वर्षांत त्याचा एकच सामना हुकला, ५७ फेकी त्याने पळवल्या, आणि १९८९ मध्ये पात्र होताच पहिल्या फेरीत त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. लीगचा नेम चुकला होता असंच म्हणावं लागेल.

आता हंगाम १७ सामन्यांचा आहे आणि फेकी १९५० च्या दशकापेक्षा कितीतरी जास्त होतात. २०२१ मध्ये डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जने ११ फेकी पळवल्या तेव्हा चाळीस वर्षांत कुणाला तेवढ्या जमल्या नव्हत्या. बारा सामन्यांत चौदा हा लेनचा १९५२ चा विक्रम अजून तिथेच आहे.